सम्राटाची ओळखपरेड

तीर्थस्वरूप थोरल्या वन्संना साष्टांग नमस्कार.

ताजी बातमी आधी सांगते, म्हणजे खुशालीकडे निवांतपणे वळता येईल. आमच्या घरी बुटांच्या खोक्यांत राहणाऱ्या अळ्या चार जातींच्या नसून एकाच जातीच्या आहेत, आणि ती जात सम्राट पतंगाची आहे. शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी (आम्ही त्यांना कीटकबाई म्हणतो, त्यांना ते माहीत आहे आणि त्यांची हरकत नाही) आज सकाळी भिंगातून बघून तसं खात्रीने सांगितलं. तेव्हापासून तुमचे बंधुराज घराकडे पाठ करून गॅलरीत बसले आहेत. जेवायला मात्र आत आले होते.

आता खुशाली. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता, की नुसतं बाटलीकडे बघून समाधान मानता? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की आताशा घर खायला उठतं, आणि भाऊ कधी आलाच तर चहा गार व्हायच्या आत निघतो. वाचून मला वाईट वाटलं. ह्यांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, "ताईचा चहाच फार गरम असतो." तेव्हा तिकडून सुधारणेची अपेक्षा ठेवू नका. माझी प्रकृती बरी आहे, फक्त तोंडात एक दाढ कमी आहे. त्याचं मूळ तुमच्या परसातल्या नासपतीच्या झाडापर्यंत जातं. रागावू नका, क्रमाने सांगते.

तुमच्याकडून येताना ह्यांनी छाटलेल्या फांद्या आणल्या होत्या, आठवतंय ना? कुंडीत रुजतात का बघ, असं तुम्हीच म्हणाला होतात. पिशवी मी रिकामी करायला घेतली, तर एका पानाच्या पाठीला काळं काहीतरी चिकटलेलं. मला वाटलं, चहाची पूड सांडली. झटकायला हात उचलला तर पूड हलली. बारीक काळ्या अळ्या, एकमेकींना बिलगून, शाळेच्या सहलीसारख्या. मी पान केराच्या डब्याकडे नेलं, आणि मागून ह्यांचा तो जुना, खिडकीमागचा आवाज आला. "थांब. ती सापडलेली वस्तू आहे."

तुम्हाला सांगायला नको, पण माणूस निवृत्त झाला तरी खिडकी निवृत्त होत नाही. बस डेपोच्या हरवलं-सापडलं खात्यात ह्यांची सगळी नोकरी गेली. काळी छत्री माझी, एवढंच म्हणणाऱ्याला ह्यांनी जन्मात छत्री दिली नाही. मूठ कशी होती, कोणती काडी वाकलेली, कुठल्या मार्गावर विसरलात, हे वस्तू न बघता सांगायचं, मग मिळणार. (आमचं लग्न ठरताना ह्यांनी मला बघून गेल्यावर तुम्हाला माझं वर्णन करून सांगितलं होतं, आणि त्यात माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा होता, असं तुम्हीच मला नंतर सांगितलंत.) तर अळ्यांना खोकं मिळालं, खोक्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली गेली, आणि चिठ्ठीवर ह्यांच्या गोल अक्षरात आलं: वर्णन, काळी. सापडल्याचं ठिकाण, नासपती. मालक, अज्ञात.

पहिल्या आठवड्यात त्यांनी तुमच्या फांद्या फस्त केल्या. मग प्रश्न आला की आता खायला काय? ह्यांनी घरातली पानं एकेक करून पुढे ठेवली. माझा गुलाब, माझी तुळस, शेजारणीच्या कुंडीतलं काहीबाही. अळ्यांनी कशाला तोंड लावलं नाही. ह्यांनी ग्रंथालयातून जाड पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की नासपतीवरच्या काही अळ्या सफरचंदावर, आलुबुखारावर, अक्रोडावर, अशा बऱ्याच झाडांवर वाढतात. पण ज्या झाडाच्या पानांवर सुरुवात झाली, ते सोडून दुसरं समोर आलं की पुष्कळदा हट्ट धरून उपाशी बसतात. (हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटून ह्यांच्याकडे बघितलं. सासूबाईंनंतर माझ्या हातची आमटी ह्यांनी किती वर्षांनी गोड मानली, ते तुम्हाला ठाऊक आहे.)

आमच्या भागात नासपतीचं झाड एकच, आणि ते दंतवैद्याच्या दवाखान्यामागे. मागच्या अंगणात जायचा रस्ता थेट तपासणीच्या खोलीतून. दंतवैद्य सज्जन माणूस आहे. त्याने ह्यांना सांगितलं की पानं हवी तेवढी न्या, पण तपासणीच्या खोलीत पेशंट आणि त्याच्या सोबत्याखेरीज कुणाला सोडत नाही, तसा दवाखान्याचा नियम आहे. दुसरा कुणी असता तर त्याने हुज्जत घातली असती. तुमचे बंधू नियम ऐकून इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे नाव नोंदवलं. त्यांनी दात साफ करून घेतले, पानं आणली. एक दात भरून घेतला, पानं आणली. जुना भरलेला दात उकरून पुन्हा भरून घेतला, त्या दिवशी तर पिशवीभर पानं आली. शेवटी दंतवैद्यानेच हात जोडले, की काका, आता तुमच्या तोंडात करण्यासारखं काही उरलं नाही. त्या संध्याकाळी ह्यांनी जेवताना माझ्याकडे फार मायेने बघितलं आणि विचारलं, "तुझी ती मागची दाढ अधूनमधून ठणकायची ना गं?"

वन्सं, ती बरी होती. अधूनमधून ठणकणं हा तिचा स्वभाव होता. पण अळ्या उपाशी होत्या, आणि मी खुर्चीत तोंड उघडून बसलेली असताना खिडकीतून मला दिसत होतं की तुमचा भाऊ अंगणात टाचा उंच करून कोवळी पानं खुडतोय. गुणगुणतही होता.

एवढ्यात पहिली फसगत झाली. सकाळी झाकण उघडलं तर आतल्या काळ्या अळ्या गायब, आणि त्यांच्या जागी वेगळ्याच. अंगावर तांबूस फोडांच्या रांगा, आकार दुप्पट. ह्यांनी सगळं घर गोळा केलं (म्हणजे मला) आणि अदलाबदल झाल्याचं जाहीर केलं. खोक्याच्या तळाशी सुरकुतलेली काळी कातडी पडली होती. मी म्हटलं, कात टाकली असेल हो. हे म्हणाले, "वस्तू कधी कात टाकते का?" छत्र्यांच्या बाबतीत ते बरोबर होतं. म्हणून नवं खोकं, नवी चिठ्ठी. पुढे आणखी एकदा तसंच झालं, तेव्हा निघालेल्या अळ्या हिरव्या होत्या. तिसरं खोकं. माझे पावसाळी बूट आता पिशवीत राहतात.

चौथी जात पडद्यावर सापडली. एक जाडजूड अळी खोक्यातून निसटून बैठकीच्या पडद्यावर चढली होती. ह्यांनी चिठ्ठी लिहिली: सापडल्याचं ठिकाण, पडदा. आणि पुस्तकात म्हटलंच होतं की अळी कुठल्या झाडावर सापडते ते ओळखीसाठी महत्त्वाचं, म्हणून त्याखाली लिहिलं: खाद्य, पडदा. तिला पडद्याचा एक तुकडा कापून दिला. (सुईदोऱ्याचा डबा मी त्यानंतर वरच्या फळीवर ठेवला आहे.) तिने अर्थातच खाल्ला नाही. ह्यांचा निष्कर्ष असा की तिला ठराविक रंगाचाच पडदा लागतो.

मीही हातभार लावला नाही असं नाही. आमच्या हॉस्पिटलच्या फाटकाशी कण्हेर आहे. तिच्यावर एक हिरवीगार, गुळगुळीत, देखणी अळी दिसली, शेपटीवर एक छोटं शिंग. मी डब्यातून घरी नेली. म्हटलं, निदान एक तरी अळी अशी असू दे, जिला दंतवैद्य लागत नाही. हे इतके हरखले की त्यांनी मला चहा करून दिला. ती मात्र आज कीटकबाईंनी झाकण उघडताक्षणी बाजूला काढली. म्हणाल्या, शेपटीवर शिंग असलं की ते दुसरं घराणं, आपलं नव्हे. कण्हेरीवर नेऊन सोडा. माझ्या माहेरची वस्तू परत पाठवावी तसा ह्यांनी तो डबा दाराशी नेऊन ठेवला आहे.

आता जी गोष्ट सांगते ती माझ्या पोटापाण्याशी निगडित आहे. मी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात चादरी मोजून देते-घेते, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या विभागप्रमुखांना सगळे इस्त्री म्हणतात. त्यांच्या नुसत्या बघण्याने माणसाच्या चुण्या जातात. त्या दिवशी मी शस्त्रक्रियेच्या खोलीसाठी घड्या घातलेल्या चादरींचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्यावरून एक सम्राट शांतपणे चालत गेला. माझ्या पदरावर बसून आला असणार. इस्त्री ओरडल्या नाहीत. त्यांनी अळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सगळा गठ्ठा पुन्हा धुवायला पाठवला. मग म्हणाल्या, "तुम्ही शेवटची रजा कधी घेतलीत हो?" मला आठवेना. त्यांनाही सापडेना. त्यांनी तिथल्या तिथे सोमवारपासून पंधरवड्याची रजा लिहून दिली आणि बजावलं की या सोमवारी गेला नाहीत तर पुढच्या वर्षापर्यंत तोंडातून रजेचा र काढायचा नाही.

वन्सं, तो कागद हातात घेऊन मी भट्टीच्या खोलीत जाऊन बसले. तिथे यंत्रांच्या आवाजात कुणाला काही कळत नाही. मला एकदम तुमची मागची खोली दिसली. ती गार फरशी, जाळीच्या दारातून येणारं ऊन, आणि दिवसभर कुणी काही विचारत नाही. मला कुठलं तीर्थ नको, समुद्र नको. मला त्या खोलीत आडवं पडायचंय आणि तुम्ही स्वयंपाकघरातून काहीतरी बडबडत असावं, उत्तराची अपेक्षा न धरता. मी फार दमले आहे हो. कशाने ते नेमकं सांगता येत नाही. चादरी तर मी आयुष्यभर मोजते आहे.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, छान, जाऊ की. मग म्हणाले, पण ह्यांना कुणावर टाकायचं? (ह्यांना म्हणजे खोक्यांना.) बरं, मी एकटी जाते म्हटलं, तर म्हणाले, पानांचं काय? दंतवैद्याकडे पुढची सगळी नावं तुझी आहेत, मी जाऊन कुणाच्या तोंडावर मागू? त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. मी वाद घातला नाही. वादाला दाढा लागतात.

म्हणून आज मीच कीटकबाईंना घरी बोलावलं. एवढंच वाटलं की अळ्या कुठल्या ते एकदा कळलं, की ह्यांचा जीव भांड्यात पडेल. बाईंनी खोकी ओळीने मांडली आणि ह्यांना समजावून सांगितलं, तेच तुम्हाला थोडक्यात लिहिते. नीट वाचा, पुढे उपयोग आहे. सम्राटाची अळी लहानपणी काळी असते आणि घोळक्यात राहते. प्रत्येक कातीबरोबर रंग बदलते, तेव्हा रंगावर भिस्त ठेवायची नाही. मोठेपणी ती बोटाएवढी जाड आणि पोपटी होते. अंगाच्या प्रत्येक वळ्यावर गाठींची रांग, गाठी निळ्या, आणि गाठीतून ताठ राठ केस. दोन्ही कुशींना फिकट पट्टी. शिंग नाही. आणि राहण्याचा पत्ता: फळझाडं, आपल्या बाबतीत नासपती. पडद्यावर होती ती फिरायला गेली होती. पोट भरलं की त्या जागा शोधत फिरतात. कुठे दिसली ते नव्हे, काय खाते ते बघायचं.

हे सगळं हे मान खाली घालून ऐकत होते. बाई गेल्यावर त्यांनी चारही चिठ्ठ्या सोडल्या, एकच नवी लिहिली, आणि गॅलरीत गेले. नव्या चिठ्ठीवर मालकाच्या नावापुढे अजूनही अज्ञात आहे. मी स्वतः बघून आले.

बाकी सर्व क्षेम. तेल लावत जा. उत्तराची वाट पाहणारी,

तुमची धाकटी भावजय

ता. क. आता कामाचं. तुम्ही ह्यांना उलट टपाली पत्र लिहा की अळ्या तुमच्या आहेत. तुमच्या झाडावरून गेल्या, तुमच्या पिशवीतून गेल्या, तेव्हा दावा पक्का आहे. पण वर्णन तुमच्या मनाने करावं लागेल, नाहीतर हे द्यायचे नाहीत. म्हणून तर वर एवढं लिहिलं. पोपटी अंग, निळ्या गाठी, राठ केस, कुशीला फिकट पट्टी, शिंग नाही. झाड नासपतीचं, फांदी विहिरीकडची. पुस्तकी शब्द घालू नका, आणि सगळंच बरोबर सांगू नका. शंभर टक्के बरोबर सांगणाऱ्यावर ह्यांचा विश्वास नसतो. एखादी गोष्ट आठवत नाही असं लिहा. शेवटी लिहा की गुडघ्यामुळे स्वतः येता येत नाही, वस्तू माझ्या भावजयीच्या हाती सोमवारच्या बसने पाठवावी. अधिकृत व्यक्ती म्हणून माझं नाव तुमच्या सहीनिशी असलं की ते अडवणार नाहीत. खोकी मांडीवर घेऊन यायला मी तयार आहे.

ता. क. दुसरा. थांबा, पोपटी लिहू नका! संध्याकाळपासून दोघी-तिघींनी पानं सोडली, रंग मळकट तपकिरी झाला आणि त्या खोकंभर येरझाऱ्या घालू लागल्या. कीटकबाईंना फोन केला. म्हणाल्या, आता कोष विणतील. तेव्हा तुम्ही वर्णनात कोषच लिहा: तपकिरी, राठ, एका टोकाला निमुळता. त्या टोकाला आतून केसांचं दार असतं म्हणे. आतल्याला बाहेर जाता येतं, बाहेरच्याला आत येता येत नाही. अशी खोली कुठे भाड्याने मिळते का, हे मी बाईंना विचारणार होते, पण त्यांनी फोन ठेवला.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात.

ताईस नमस्कार. सदर पत्र जेवणाच्या टेबलावर उघड्या पाकिटात, बेवारस सापडलं. मालक कोण हे कळावं म्हणून वाचावं लागलं. तुझा दावा येण्याआधीच फेटाळण्यात येत आहे. कारण, वर्णन आतल्या माणसाने फोडलं. तथापि चौकशीअंती असं दिसतं की अळ्या खरोखरच तुझ्या झाडाच्या आहेत, आणि सापडलेली वस्तू मूळ पत्त्यावर पोचवणं हे आमचं काम आहे. आता सगळ्या कोषात चालल्या आहेत, म्हणजे पानं नकोत, दंतवैद्य नको. तेव्हा सोमवारच्या बसने आम्ही दोघंही येतो. हिला विश्रांती हवी होती तर तिने मला सांगायचं होतं. सांगितलंही असेल, मी त्या वेळी खोक्यांत असेन. कोष तुझ्या झाडाखाली, आडोशाला ठेवू. कीटकबाईंच्या मते पतंग पुढच्या थंडीनंतर बाहेर येईल. त्याला तोंड नसतं, तो काही खात नाही, फक्त थोडे दिवस जगतो. तोवर कुणीतरी जबाबदार माणूस जवळ असला पाहिजे. हिची रजा पंधरवड्यात संपते. मला रजेचा प्रश्न नाही. चहा थोडा कोमट करत जा.

ता. क. शेवटचा, माझाच. पाकीट टाकायला मीच चालले आहे, म्हणून ही ओळ घुसडते. ऐकलंत ना, वन्सं? भाऊ येतोय, आणि चहा गार झाला तरी निघणार नाही. मी आधी पंधरा दिवस तुमच्या मागच्या खोलीत झोपते आणि मग एकटी घरी परत येते. घरी कुणी नसेल. कीटकबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती ह्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. काही कोष एकाच थंडीनंतर फुटतात आणि काही दोन थंड्या काढतात, आणि बाहेरून बघून कोणता कुठला हे कुणालाही ओळखता येत नाही. मी मघाशी खोक्यात डोकावून आले. मला येतं. हे सगळे दोन थंड्यांचे आहेत. ह्यांचे दोन्ही स्वेटर पिशवीत भरले आहेत.